ताईच्या बाटलीतली रॉयल जेली

ताईने ती बाटली टॉवेलात गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून डोंबिवलीहून माझ्याकडे कोपरीला आणली. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, "आधी ही फ्रिजमध्ये ठेव. तुझ्या लॅबमध्ये तपासून दे. खरी आहे की नाही, एवढंच सांग."

मी वागळे इस्टेटमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. मध, मसाले, दुधाची पावडर, असं खाण्याचं सामान आमच्याकडे तपासायला येतं. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, तेव्हा अडतीसची. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नव्हतं. टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न फसलेले. त्यानंतर माजिवड्याच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलेलं, की स्त्रीबीजं जवळजवळ संपलीत, वयाच्या मानाने फार लवकर, आणि ती कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. मी सोबत गेलेले. ताईने सगळं ऐकून घेतलं, फाइल पिशवीत नीट घातली आणि "थँक यू डॉक्टर" म्हणून उठली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्यांनाही सगळंच कळतं असं नाही."

मधमाश्यांच्या पोळ्यातली ही रॉयल जेली तिला भावोजींच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवली. राणीमाशी आयुष्यभर हेच खाते आणि दिवसाला हजारांवर अंडी घालते, एवढं ताईला पुरलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटा चमचा ती जिभेखाली ठेवायची. पिवळट पांढरी, दाट साईसारखी वस्तू, चव आंबट आणि घशाशी चरचरणारी. सहा महिने तिने एक दिवस चुकवला नाही. काहीच झालं नाही, तेव्हा तिला वाटायला लागलं की माल भेसळीचा असणार.

लॅबच्या सरांना विचारून मी शनिवारी, काम संपल्यावर, तो नमुना मशीनवर लावला. ताज्या रॉयल जेलीत साठ-सत्तर टक्के पाणीच असतं. बाकी प्रथिनं, साखर, थोडे स्निग्ध पदार्थ, थोडी जीवनसत्त्वं. मात्र त्या स्निग्ध भागात एक आम्ल असतं, त्याला आम्ही टेन-एचडीए म्हणतो. पोळ्यातल्या तरुण कामकरी माशा ते आपल्या डोक्यातल्या ग्रंथींमध्ये तयार करतात. निसर्गात दुसरीकडे ते जवळपास सापडत नाही. म्हणून रॉयल जेलीची ओळख त्यावरूनच पटवतात. ते कमी भरलं, की कुणीतरी काहीतरी मिसळलंय.

ते कमी भरावं असं मला वाटत होतं. म्हणजे ताईला सांगता आलं असतं, की तू फसलीस, दोष औषधाचा.

आलेख आला. टेन-एचडीए जिथे दिसायला हवं तिथेच दिसत होतं, आणि भरपूर होतं. मी दुसऱ्यांदा नमुना घेतला. तेच. पाण्याचं प्रमाण बरोबर, साखर बरोबर. त्या बाटलीत खोट काढायला जागा नव्हती. मी काचेची भांडी धुऊन ठेवली.

रविवारी डोंबिवलीला गेले. एकटीच गेले, ताईकडे जाताना माझ्या मुलीला नेणं मी वर्षभरापासून बंद केलं होतं. कुणी तसं म्हणालं नव्हतं. भावोजी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. ताईने मला बसूही दिलं नाही.

"काय निघालं?"

"खरी आहे ताई."

"नीट बघितलंस?"

"दोनदा केलं."

ती दिवाणावर बसली. "मग होत का नाही?"

इथे माझं चुकलं. मी गप्प बसायला हवं होतं, पण मी समजावत सुटले. म्हटलं, पोळ्यातल्या सगळ्याच अळ्यांना पहिले दोन-तीन दिवस हे मिळतं. मग कामकरी व्हायच्या त्यांना मध-परागावर टाकतात, आणि जिची राणी करायची तिला हेच देत राहतात. शरीर घडत असतानाच त्याचा उपयोग. आपल्या पोटात गेलं की ते वरणासारखं पचून जातं.

"आपण अळी नाही ना ताई," मी म्हटलं.

भावोजी कपडे घेऊन आत येत होते. ते दारातच थांबले, मग स्वयंपाकघरात गेले.

ताई म्हणाली, "तू खोटं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"अजून सहा महिने वाया गेले असते."

"मग जाऊ दे ना. मला काय करायचेत ते?" ती रागावली नव्हती. आज भाजी कुठली करायची हे सांगावं तशी म्हणाली, "तुला नाही कळायचं. तुझ्याकडे आहे."

जेवून जा म्हणाली, जेवले. आमटीत मीठ जास्त झालं होतं.

उरलेली बाटली तिने संपवली, हे मला नंतर भावोजींकडून कळलं. उपयोग नाही हे कळूनही रोज एक चमचा, संपेपर्यंत. नवीन मात्र आणली नाही. मूल दत्तक घेण्याबद्दल मी भावोजींकडे एकदाच विषय काढला. ते म्हणाले, "बोललो आम्ही. तिला नको आहे. मी पण पुन्हा विचारणार नाही." त्यानंतर मीही विचारलं नाही. ताईने बारशाला जाणं सोडलं, मग हळदीकुंकवाला, मग आमच्या घरीही कमी येऊ लागली.

दोन वर्षांनी एका दुपारी तिचा फोन आला.

"माझी पाळी बंद झाली," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊन आले. आता येणार नाही म्हणाल्या."

"कधी गेलेलीस? मला सांगायचंस, आले असते."

"कशाला? ठाऊकच होतं."

चाळिशी ओलांडून तिला सहा महिने झाले होते. तिच्याकडे कुठेतरी प्रेशर कुकरच्या शिट्या होत होत्या. मी "ताई" म्हटलं.

"ठेवते," ती म्हणाली. "गॅस बंद करायचाय."