खांद्यावरचा कप्पा

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. ते बॅगा शिवत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. आत दोन मशिनं, खिळ्यांना लोंबणारे पट्टे, बक्कलांचे डबे आणि चेनची भेंडोळी. गिऱ्हाइकाला बसायला जागा नव्हतीच, ते दारात उभं राहायचं. फाटकी बॅग घेऊन कुणी आलं की मास्तर आधी बॅगेकडे बघत आणि बऱ्याच वेळाने माणसाकडे.

"काय कोंबलं होतंत यात? विटा?"

बॅग आपणहून फाटत नाही, माणूस ती फाडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं आणि मास्तर खूश होऊन टाके घालायला बसायचे.

ओझ्याबद्दल हा माणूस पहिल्यापासूनच हट्टी. लग्न होऊन बायको घरी आली त्या दिवशी त्यांनी तिच्या हातातली ट्रंक काढून घेतली, ती घेतली ती घेतलीच. त्यानंतर भाजीची पिशवी, पाण्याची बादली, झोपलेली मुलगी, सगळं त्यांच्याच हातात. नातेवाईक हसत. "बायकोचा हमाल," असं एका मेव्हण्याने तोंडावर म्हटलं, तेव्हा मास्तरांनी "तुझ्या का पोटात दुखतंय?" असं विचारून त्याची बॅग दुरुस्त न करताच परत दिली.

यातली गंमत अशी की बायको स्वतः दिवसभर ओझीच उचलत असे. ती टपाल कचेरीत परदेशी पार्सलांच्या खिडकीवर होती. गल्लीत तिला पार्सलबाई म्हणत. पार्सल नुसतं हातात घेतलं की त्या वजन सांगायच्या आणि मग ते काट्यावर ठेवायच्या, तेसुद्धा गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. "तिथे मी पोती ढकलते," त्या मैत्रिणींना सांगत, "आणि घरी आले की आमचे हे भाजीची जुडीसुद्धा हाती लागू देत नाहीत. मी मेणाची आहे की काय!" तक्रार करताना चेहरा मात्र खुललेला असायचा. तरी तक्रार अगदीच खोटी नव्हती. आपलं ओझं आपल्याला उचलता येतं, हे घरात कुणी कबूल करत नाही, याचं त्यांना जरा लागायचंच.

त्या खिडकीपाशीच त्यांना प्रवासाचं वेड लागलं. पाठीवर मोठाल्या बॅगा लावलेली तरुण जोडपी तिथे यायची, ओझं कमी करायला चार वस्तू घरी पाठवायची आणि हसत पुढच्या देशाला निघून जायची. बाई त्यांच्या पार्सलांवर तिकिटं चिकटवत बसायच्या. "अख्खं जग माझ्या हाताखालून गेलं हो," त्या मास्तरांना म्हणायच्या, "मी आपली खिडकीच्या अलीकडेच." निवृत्त झाल्यावर जाऊ, असं ठरलं. निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी हृदयाने दगा दिला. झटका सौम्य होता. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, काही हरकत नाही. फक्त छातीत दुखलं की ही गोळी लगेच जिभेखाली धरायची. डबी सतत अंगाजवळ हवी.

"म्हणजे जाता येईल," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी प्रवास कंपनीचा विषय काढून पाहिला. गाडी दारात येईल, सामान उचलायला माणसं असतील.

"झेंडा धरलेल्या माणसामागून मेंढरांसारखं फिरायचं? मला नाही जायचं तसं. पाठीला बॅग लावून, वाटेल तिथे उतरत जायचं. आणि माझी बॅग मी उचलणार, आधीच सांगते."

मुलगी सासरहून धावत आली. "लोक या वयात गुडघ्याला पट्टे लावतात आणि तुम्ही पाठीला बॅगा लावा!" म्हणाली. पण आईचा चेहरा बघून तिचाही आवाज खाली आला.

मास्तरांनी दोन बॅगा शिवायला घेतल्या. एक हिरवी, तिची. एक तपकिरी, स्वतःची. गिऱ्हाइकं महिनोन्महिने खोळंबली. हिरव्या बॅगेच्या डाव्या पट्ट्यावर, खांद्याच्या जरा खाली, त्यांनी एक छोटा कप्पा शिवला, गोळ्यांच्या डबीपुरता. हात नुसता वर नेला की बोटं थेट डबीवर पडली पाहिजेत, म्हणून बाईंना उभं करून पुन्हा पुन्हा माप घेतलं. निघायच्या दिवशी मुलीने तो कप्पा उघडून पाहिला, डबी पाहिली, परत बंद केला.

"बाबा, ही इथून हलता कामा नये."

"अगं, मी आहे ना," मास्तर म्हणाले. हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं उत्तर होतं.

पहिल्या देशात पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी मास्तरांनी आपलं खरं केलं. बाई अंघोळीला गेल्या की हिरव्या बॅगेतून वरवरचं काहीतरी काढायचं आणि तपकिरीत सरकवायचं. आज जाड शाल, उद्या चपलांचा जोड, परवा साबण-तेलाची पिशवी. बाई बाहेर येऊन बॅग पाठीला लावत आणि म्हणत, "काय हलकी शिवलीय हो, पाठीवर आहेसं वाटतच नाही." मास्तर खिडकीबाहेर बघत. बाई ओठ दाबून हसत. मग त्या म्हणत, "जा, आता तुम्ही अंघोळ उरका, मी तोवर आवरते."

बसने, आगगाडीने, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यांमध्ये बसून होडीने, असे ते देशामागून देश फिरले. भाषा कुठलीच येत नव्हती. मास्तर आपल्याच भाषेत, फक्त मोठ्या आवाजात बोलत आणि समोरच्याला कळत नाही म्हणून वैतागत. बाई हाताने सांगत, त्यांचं लगेच कळे. प्रत्येक गावात त्या आधी टपाल कचेरी शोधत. एका ठिकाणी खिडकीपाशी एक म्हातारी पार्सल घेऊन उभी होती. बाईंनी ते तिच्याकडून मागून घेतलं, हातात जरा तोललं आणि कागदावर आकडा लिहून खिडकीतल्या बाईला दाखवला. काट्याने तोच आकडा दाखवला. खिडकीतली बाई आधी चकित झाली आणि मग दोघी इतक्या हसल्या की रांगेतले लोकही हसायला लागले. "हात अजून शाबूत आहे माझा," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. त्यांना इतकं आनंदात मास्तरांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मास्तरांचंही आश्चर्यच होतं. मशिनवर वाकून वाकून त्यांची कंबर कायमची धरलेली. पहिल्या आठवड्यात ते जिना उतरताना कठड्याला धरून उतरत आणि कुणी पाहत नाही ना, हे बघत. पण पुढे पुढे बॅग पाठीला लागेनाशी झाली. रोज तीत भर पडतेय आणि रोज ती हलकी वाटतेय! मास्तरांनी फोनवर मुलीला ऐकवलं, "सवयीचा प्रश्न असतो बाळ. तुझा बाप या वयात पैलवान झालाय."

"झालेत खरे," बाई मागून म्हणाल्या.

डोंगराळ देशात पोचले तेव्हा थंडी सुरू झाली होती. एका सकाळी बाई केस विंचरत असताना मास्तरांना त्यांच्या डाव्या खांद्यावर लाल वळ दिसला. चांगला बोटभर रुंद, कडेला कातडी सोललेली.

"हे काय? बोलली नाहीस ती?"

"काही नाही हो. पट्टा जरा घासतो."

पट्टा कसा घासेल? पट्ट्याच्या आत मास्तरांनी दुहेरी स्पंज घातला होता. त्यांनी बॅगेचा पट्टा उजेडाकडे ओढून पाहिला आणि त्यांना चूक सापडली, म्हणजे सापडलीसं वाटलं. कप्पा. कप्प्याची शिवण आतून जाड झाली होती आणि डबीमुळे ती वर येत होती. आपल्या हातचं काम आपल्याच बायकोला टोचतंय, याची त्यांना विलक्षण लाज वाटली. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की कप्पा उसवून सपाट शिवायचा, असं त्यांनी ठरवलं. तोवर निदान शिवण दबावी म्हणून डबी काढून आपल्या बॅगेच्या वरच्या खणात टाकली. बाई तेव्हा खाली पाणी भरून घ्यायला गेल्या होत्या. आल्यावर सांगायचं होतं. तेवढ्यात बस आली, धावपळ झाली आणि सांगायचं राहून गेलं.

दुपारी घाटात एका खानावळीपाशी बस थांबली. बाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. उठल्यावर गरम पाणी लागेल त्यांना, म्हणून मास्तर उतरले. पासपोर्ट असलेली तपकिरी बॅग ते क्षणभरही सोडत नसत, ती पाठीवर होतीच. हिरवी बाईंच्या पायांशी. पाण्याला रांग होती. मास्तरांचा नंबर आला, बाटली भरली आणि त्यांनी वळून पाहिलं तर बस वळणावर होती.

मास्तर ओरडले. मग पळाले. चढाच्या रस्त्यावर, पाठीवर बॅग घेऊन, तो म्हातारा माणूस खानावळीतली तरुण पोरं मागे पडतील असा पळाला. बस दिसेनाशी झाली तरी पळत राहिला. मागून आलेल्या एका मालट्रकवाल्याने त्यांना उचलून घेतलं. पहिला तासभर मास्तर बसच्या ड्रायव्हरला, त्याच्या मालकाला, गाडीला आणि त्या देशाला बोल लावत होते. मग त्यांना डबी आठवली. त्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि वरचा खण दोन्ही हातांनी दाबून धरला.

पुढच्या गावात बस उभी होती, रिकामी. बाईंना दवाखान्यात नेलं होतं. दवाखाना म्हणजे तीन खोल्या होत्या, आणि मास्तर पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. अंगावर पांढरी चादर होती, पाय बाहेर राहिले होते. मास्तरांनी आधी ते झाकले.

बसमधली एक बाई तिथे थांबून राहिली होती. कोण कुठली, पण परक्या माणसाला एकटं टाकून तिला जाववलं नव्हतं. काय झालं ते ती मास्तरांना हातांनी सांगू लागली. त्या झोपल्या होत्या. जाग्या झाल्या. शेजारची जागा रिकामी. घाबरल्या, छाती धरली. सगळ्यांनी बॅग जवळ दिली. आणि मग त्या असं करत राहिल्या, म्हणत तिने आपला उजवा हात डाव्या खांद्याखाली नेला आणि तिथे बोटांनी चाचपडून दाखवलं. पुन्हा. पुन्हा. आम्हाला वाटलं, खांदा दुखतोय. आम्ही खांदा चोळला.

मास्तरांनी तिचा तो हात धरला आणि खाली केला.

मुलीला यायची परवानगी मिळेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. सगळं तिथेच उरकावं लागलं, मुलगी फोनच्या पडद्यावर. शेवटी तिने विचारलंच.

"डबी कुठे होती, बाबा?"

"माझ्याकडे."

मग म्हणाली, "घरी या."

दोन बॅगा घेऊन मास्तर निघाले. तपकिरी पाठीवर, हिरवी छातीशी धरून. हिरवी उघडायचा धीर त्यांना झाला नव्हता. ती उचलवत नव्हती. दहा पावलं गेलं की खाली ठेवावी लागे. मास्तरांना त्याचं नवल वाटलं नाही. माणूस गेल्यावर हातातलं बळ जातं, असं त्यांनी ऐकलं होतं. आपलं गेलं, एवढंच.

विमानतळ छोटा होता आणि विमानही. प्रत्येक बॅगेला वजनाची मर्यादा होती. खिडकीतल्या मुलीने खूण केली तशी मास्तरांनी तपकिरी बॅग काट्यावर ठेवली. आकडा आला. मुलीने मान डोलावली. मग हिरवी. आकडा आला आणि मुलीने मान हलवली. जास्त. जवळजवळ दुप्पट.

"काटा बिघडलाय तुमचा," मास्तर म्हणाले, मोठ्याने. "ही रिकामी आहे. हिच्यातलं सगळं मी काढून घेतलंय."

तिला कळलं नाही. तिने पुन्हा वजन केलं. तोच आकडा. मास्तरांनी बॅग खाली घेतली आणि तिथेच फरशीवर बसून उघडली. वर बाईंच्या दोन साड्या, नीट घडी घातलेल्या. त्यांच्याखाली मास्तरांचे जाड तळाचे बूट. मास्तरांचा लोकरीचा कोट. दाभण, हातोडी आणि मेणाचा दोरा असलेली त्यांची लोखंडी पेटी, जी घेऊ नका म्हणून बाई निघताना भांडल्या होत्या. मास्तरांची कंबर शेकायची रबरी पिशवी. त्यांनी तपकिरी बॅग तळापर्यंत उपसली. तिच्यात शाल होती, चपला होत्या, साबण-तेल होतं, आणि स्वतःचं असं जड त्यात काहीच नव्हतं.

म्हणजे रोज सकाळी. त्यांनी जेवढं काढलं त्याहून थोडं जास्त बाईंनी उचललं होतं, एकदम कळू नये इतकं बेताबेताने. त्या हाताने नुसत्या अंदाजाने तोललेलं कधी चुकत नसे. आणि खांद्यावरचा तो वळ कप्प्याच्या शिवणीचा नव्हता. शिवणीत काही चूक नव्हतीच.

मास्तर तिथे बसून रडले.

खिडकीतली मुलगी बाहेर आली, त्यांच्याजवळ ओणवी झाली आणि दोन्ही हातांनी समजावू लागली: या बॅगेतलं थोडं काढा, त्या बॅगेत टाका. इकडचं तिकडे. मग दोन्ही जातील.

"नाही," मास्तर म्हणाले. "तिची बॅग तिने भरलीय."

त्यांनी बूट, कोट, पेटी जशीच्या तशी आत ठेवली. वर साड्या ठेवल्या. मग तपकिरी बॅगेच्या वरच्या खणातून गोळ्यांची डबी काढली, हिरव्या बॅगेच्या डाव्या पट्ट्यावरच्या कप्प्यात सरकवली, कप्पा बंद केला आणि बॅग उचलून पुन्हा काट्यावर ठेवली.

आकडा मघाचाच आला. डबीचं वजन काट्याला कळलंच नव्हतं.