मॅडमनी वाचवलेलं झाड

दिग्रसच्या त्या शाळेत विज्ञान म्हणजे सुहासिनी मॅडम, आणि सुहासिनी मॅडम म्हणजे सुरूचं झाड. सव्वीस वर्षं दर दहावीच्या वर्गाला त्या मैदानाच्या कडेला नेत, झाडापासून चार हात लांब उभं करत आणि छडीनं वर दाखवत. "सदाहरित. पानं सुईसारखी. खाली पडलेत ते शंकू. हिमालयात जाता येत नाही ना? मग हाच आपला सूचिपर्णी वृक्ष, नीट बघून घ्या!" झाडाला त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'हात लावू नये'. कुणी लावलाच, तर मॅडमचा आवाज बसस्टँडपर्यंत जाई.

बाई कडक, पण मनाची खोटी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. शिक्षण रसायनशास्त्राचं, शाळेत मात्र झाडंपानंही त्यांच्याच गळ्यात पडलेली. पाइन आणि देवदार त्यांनी पुस्तकातल्या चित्रात पाहिलेले. सुरू त्या चित्रासारखा दिसला, विषय संपला.

२००६ सालची दिवाळी झाली आणि शाळेला नवी खोली मंजूर झाली. कापसाचे वाईट दिवस होते ते. भाव पडलेले, जिनिंगसमोरची गाड्यांची रांग हलत नव्हती, आणि मजूर लावणं परवडेना म्हणून बंजारा तांड्यावरची निम्मी पोरं वेचणीला गेलेली. मॅडम त्या पोरांच्या वह्या दर आठवड्याला मागवून घरी तपासत. असं कोण करतं सांगा!

खोलीच्या पायात दोन झाडं येत होती. एक सुरू, दुसरी नळाजवळची मोरपंखी. पाया थोडा सरकवला तर एकच वाचणार होतं. कोणतं, ते हेडमास्तरांनी मॅडमवर सोपवलं.

शाळा झाडणारी बिजलीबाई तांड्यावरची. ती मॅडमसमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, ते विद्येचं झाड राहू द्या ना. बबिता पहिलीत बसली त्या दिवशी लावलं होतं म्या."

मोरपंखीची डहाळी वहीत ठेवली की विद्या येते, याबद्दल तांड्यावर कुणाच्या मनात शंका नव्हती. बबिता, तिची लेक, आता दहावीला होती.

"अगं, ते शोभेचं झुडूप. नर्सरीत ढीगभर मिळतं," मॅडम हसल्या. "सूचिपर्णी वृक्ष अख्ख्या तालुक्यात हा एकच!" आणि त्यांनी तसं लिहून सही ठोकली. सोमवारी मोरपंखीवर कुऱ्हाड पडली.

मंगळवारी दुपारी बिजलीबाई प्रयोगशाळेत आली. रडलीबिडली नाही. बबिताची वही तपासायला दिली आणि तोडलेली एक फांदी टेबलावर ठेवली.

"एक डहाळी पोरीसाठी घेतो. याची बोंडं आत्ता कुठं फुटून राह्यली होती, पाहा."

मॅडमनी सवयीनं भिंग उचललं. चपट्या डहाळीवर खवल्यांसारखी पानं, एकावर एक चिकटलेली. चुरगळली तर राळेचा वास. आणि ती बोंडं! लहान बोराएवढी, टोकाला आकडे असलेली, उकललेली. आत गर नाही, साल नाही. खवल्यावर बी उघडं पडलेलं. 'सूचिपर्णी वृक्षाचं बी फळात झाकलेलं नसतं, शंकूच्या खवल्यावर उघडं असतं.' हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं.

पानं सुईसारखी नाहीत, तरी सूचिपर्णी वृक्षांत मोडते ती ही मोरपंखीच! मग सुरू?

भिंग घेऊन त्या मैदानात धावल्या. पाटीच्या पलीकडे जाऊन आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुरूची सुई तोडली आणि ओढली. ती मधेच एका सांध्यावर सुटली. पुन्हा ओढली, पुन्हा सुटली. भिंगाखाली प्रत्येक सांध्याभोवती दातऱ्यांसारखी इवली पानं दिसली. म्हणजे सुई हे पानच नव्हतं. ती हिरवी काडी होती, बारीकशी फांदी; सुरू सूचिपर्णी नव्हताच.

मागून बिजलीबाई आली होती.

"हे सांध्यासांध्यानं तुटतं?" मॅडमनी तुकडा पुढे धरला.

"तुटते ना. पोट्टे तोडून पुन्हा जोडते अन् 'सांग कुठून तोडली' म्हणून खेळते. तुम्ही दिसल्या का पळते."

"मग मला काहून नाही सांगितलं कोणी?" मॅडमच्या तोंडी 'का'ऐवजी गावचं 'काहून' पहिल्यांदाच आलं.

"हात लावू नये म्हणून पाटी तुम्हीच लावली ना, मॅडम."

मॅडम नळाकडे वळल्या. समोर मोरपंखीचं ओलं खोड होतं. अख्ख्या शाळेला ठाऊक होतं ते एकट्या त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं झाड त्यांनी सहीनिशी तोडवलं होतं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

बिजलीबाईसोबत त्या प्रयोगशाळेत परतल्या आणि बबिताची वही उघडली. एका पानावर मोरपंखीची जुनी डहाळी दाबून ठेवलेली होती. तिच्याखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सुरू हा सूचिपर्णी वृक्ष आहे', आणि शेजारी मॅडमची लाल बरोबरची खूण. त्यांनी पेन काढलं.

बिजलीबाईनं घाईघाईनं वहीवर हात ठेवला. "खोडू नका ना, मॅडम. कापूस वेचता वेचता पाठ केलं हो पोरीनं."