सिंधूचं एका वेळी एकच

सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुडकेश्वरच्या घरी अंबाडीची भाजी निवडत होते. रडले नाही. सिंधू माझी धाकटी जाऊ. वय झालं होतं, झोपेतच गेली. चांगलं मरण आलं तिला.

सिंधू म्हटलं की लोकांना तिचं जेवण आठवतं. एका वेळी एकच पदार्थ. केळी तर नुसती केळी, भात तर नुसता भात, त्यावर वरणसुद्धा नाही. आधी तिचं पोट सदा फुगलेलं असायचं, जेवली की छाती जळायची. डॉक्टरांनी तपासलं, मोठं काही निघालं नाही. मग तिनंच हे सुरू केलं आणि तिला मानवलं. मीही करून पाहिलं… दुसऱ्याच दिवशी वरणासाठी जीव कासावीस झाला. पण आमच्याकडे आग्रहाशिवाय कोणाला जेवू देत नाहीत. सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या तिच्या ताटात वाढायच्या. ती भिडेपोटी खायची आणि मग पोट धरून बसायची.

स्वतःच्या पोराच्या लग्नात तिनं ठरवलं, आज नाही. मुलगी रामटेककडची. पंगतीत पानावर भात पडला आणि सिंधूनं पुढचे सगळे हात अडवले. वडे नको, भाजी नको, बुंदी नको. मांडवात एकच कुजबुज, वरमाय रुसली! मुलीची आई रडकुंडीला आली, कोणी नवं लुगडं आणायला धावलं, मुलीचे वडील हात जोडून समोर उभे.

"काय चुकलं, विहीणबाई? मान कमी पडला काय?"

मी तिच्या कानाशी लागले. "एक वडा खाऊन टाक वं. त्या बापाले काहून रडवून राहिली?"

"आज खाल्ला तर जन्मभर खा लागन," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे पाहून मोठ्यानं, "रुसली नाही भाऊ. माह्या पोटाले एका वेळी एकच चालते. तांदूळ तुमच्याच वावरातला हाये न?"

"हो, घरचाच."

"लय गोड हाये. आणखी वाढा."

त्यांनी वाढप्याच्या हातातलं भांडं घेऊन स्वतः वाढलं. एवढ्या पंगतीत त्यांच्या तांदळाची चव घेणारी ती एकटीच निघाली… त्यानंतर आमच्या कुळात तिला आग्रह करायची कोणाची छाती झाली नाही.

तेरवीला फोटोपुढे पान वाढायची वेळ आली. नणंदबाई वडे, खीर, भाजी घेऊन आल्या. "आता तरी खाऊ दे वं तिले पोटभर!"

सिंधूची सून आडवी आली. "जितेपणी कोणाले जमलं नाही आत्याबाई, आता काहून कोंबता?" आणि तिनं फोटोपुढे एक चिरलेली पपई ठेवली. फक्त पपई.

आम्ही बाकीचे दडपून जेवलो. संध्याकाळी अख्खं घर ओवा शोधत होतं. फोटोतली सिंधू तेवढी मजेत होती.