दुकानदार जनरल

सिहोऱ्याला आमचं 'किराणा व जनरल स्टोअर्स' आहे. डॉक्टरकी शिकायला युक्रेनला गेले तेव्हा मी फोनवर सांगितलं, "बाबा, माझे घरमालक जनरल आहेत." बाबांनी लगेच विचारलं, "मंग दुकान चांगलं चालते का त्याईचं?" मी हसून लोटपोट झाले. पण घरात त्यांचं नाव पडलं ते पडलंच, 'तुया दुकानदार'.

हा दुकानदार भलता तिखट होता. सोव्हिएत सैन्यात कर्नल. तो देश फुटला तेव्हा आता शपथ कोणाची, हा पेच सगळ्या अधिकाऱ्यांपुढे आला. मॉस्कोहून बढतीसकट बोलावणं आलं होतं, हे गेले नाहीत. युक्रेनची शपथ घेतली, जनरल झाले आणि मग वर्षानुवर्षं स्वतःच्याच तुकड्या मोडीत काढत बसले. रणगाडे भंगारात जायचे, शिपायांना धड बूट नसायचे. एका बैठकीत ते उभे राहून म्हणाले, "तुम्ही सैन्य विकून खाताय." झालं, राजीनाम्याचा तगादा लागला.

"मी लिहिला नाही," हे सांगताना ते टेबलावर चमचा आपटायचे. "म्हटलं, काढायचं तर काढा. मी सोडलं असं माझ्या हातून लिहून मिळणार नाही." शेवटी वरच्यांनाच हुकूम काढावा लागला. मग या आजोबांनी (मी त्यांना आजोबाच म्हणायचे) खिडकीत टोमॅटो लावले आणि एक खोली भाड्याने दिली. गुर्मी मात्र जशीच्या तशी. मला ती फार आवडायची. घरी फोन केला की मी बाबांना हीच गोष्ट ऐकवायचे.

युद्ध पेटलं तेव्हा मी बॅग भरत होते आणि आजोबा जुनी वर्दी चढवत होते. पोटावर बटणं लागत नव्हती. भरतीवाल्यांनी म्हातारा म्हणून परत पाठवलं, तर हे पुन्हा जाऊन उभे. अखेर नव्या पोरांना शिकवायला ठेवून घेतलं त्यांना.

मी घरी परतले. उरलेलं शिक्षण इथूनच ऑनलाइन पुरं केलं. पण इथे डॉक्टरकी करायची तर इथली परीक्षा पास व्हावी लागते, आणि मी दोनदा नापास झाले. लगेच एकोडीची आत्या स्थळ घेऊन आली. मुलाचं मेडिकल स्टोअर. मुलीने परीक्षेचा नाद सोडून काउंटरवर बसावं, एवढीच पाहुण्यांची अट.

"मेडिकलच तर हाये बाई," आत्या म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

पाहुणे बैठकीत बसलेले. बाबा स्वयंपाकघरात आले. "एकदा मनून टाक ना माय, का मी परीक्षा सोडली. मंग झालं."

"मी नाही मनत," मी म्हटलं. "तुमाले सोडवाची असन तर तुमीच सांगा त्याईले. मी सोडली असं माया तोंडून निंघनार नाही."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. हे बोलणं कोणाचं ते त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी चहाचा ट्रे उचलला. मी दाराआड उभी राहिले.

"पोरगी परीक्षा देऊन राहिली," बाहेरून त्यांचा आवाज आला. "पास होयेपर्यंत देनार."

आत्या तणतणत पाहुण्यांबरोबरच गेली. बाबा रिकामे कप घेऊन आत आले.

"लाव फोन तुया दुकानदाराले," ते म्हणाले. "मनाव, आमचंई दुकान बंद नाही झालं."