पट्ट्यावरची घड्याळवाली

ये गं सोने, सरकून बस माझ्याजवळ. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे वाशीमच्या मालेगावात, पण हे वाचून होईपर्यंत तरी शेजारी बसली आहेस असं समजते. फोन केला की तुझं एकच, आजी, वेळ नाही. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतही गेली. आणि परवा सांगतेस काय, तर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुला एका कारखान्यात जायचं आहे, बायांच्या कामाचा वेळ मोजायला. ते ऐकल्यापासून मला घड्याळवाली आठवते आहे. बोलत बसले तर तू फोन ठेवशील, म्हणून लिहिते. शाळा मी पाहिली नाही, डाळीच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत लिहा-वाचायला शिकले, तेव्हा वेलांटी-उकार सांभाळून घे.

घड्याळवाली घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, नाडी बघतात तिथे. बोलता बोलता हात उलटा करायची आणि विचारायची, "किती वेळ लागला?" भाकर थापली, किती वेळ लागला. मोटार लावून टाकी भरली, किती वेळ लागला. आमच्या मिलमधल्या शेवंताची सून बाळंत झाली तेव्हा सगळ्या बाया विचारत होत्या, पोरगा का पोरगी. हिने विचारलं, किती वेळ लागला. शेवंता म्हणाली, "अवं, तुह्या लग्नात भटजीलेबी हेच इचारजो." ती हसली नाही. इचारीन ना, म्हणाली.

होती जवळच्या केनवडची. बारावी झाल्यावर दोन हंगाम आमच्यासोबत डाळ मिलमध्ये बसली. रबरी पट्टा सरकत यायचा, त्यावर तुरीची डाळ, आणि दोन्ही बाजूंनी आम्ही बारा जणी खडे आणि काळे दाणे वेचायचो. मग तिने वाशीमच्या कॉलेजात नाव घातलं. कारखाना कसा चालवायचा, कोणतं काम आधी, कोणतं नंतर, किती माणसं लावायची, हाच अभ्यास. तेव्हा मला वाटायचं, हे शिकायला कॉलेज कशाला पाहिजे? रोज एसटीने जायची, परतताना इथे गाडी बदलायला उतरली की आधी माझ्या ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची. चेहरा असा की पोरगी नाही, पोतं उतरवलं कुणी.

तुझ्या मावशीच्या लग्नात तिने भिंतीवर लांबलचक कागद चिकटवला होता, आठवतो का तुला? त्यावर पट्ट्याच पट्ट्या. बुंदी कधी, हळद कधी, मांडव कधी. एका पट्टीला तिने लाल रंग दिला होता. मला म्हणाली, "मावशी, बाकी कामं मांगंपुढं झाले तरी चालते. हे लाल लांबलं का सारंच लांबते." लाल होता आचारी. आचारी वेळेवर आला, भातही वेळेवर झाला, आणि नवरदेवाकडचे आले दोन तास उशिरा. सगळे तिला चिडवायला लागले. ती म्हणाली, ते माझ्या कागदात नव्हते.

शेवटच्या वर्षी तिला प्रोजेक्ट आलं, तुझ्यासारखंच. तिने आमचीच मिल मागितली. शेठजी म्हणाले, कर, अहवाल चांगला झाला तर सुपरवायझर म्हणून इथेच ठेवून घेतो. केनवडहून रोज जाऊन-येऊन होईल अशी नोकरी, घरी आजारी आई. तिला याहून जास्त काही नको होतं.

तीन दिवस ती पट्ट्याजवळ उभी राहिली. हातात घड्याळ, काखेत वही. आणि आता माझी चूक ऐक. पहिल्या दिवशी सकाळीच मी सगळ्यांना सांगितलं होतं, पोरीची परीक्षा आहे, हात चालवा. सगळ्यांनी ऐकलं. कुणी पाण्याला उठलं नाही, कुणी पान खाल्लं नाही. शेवंताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, ती सोडून ती दोन हातांनी वेचत होती. माझ्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण मी वाकून वाकून वेचलं. तीन दिवस घरी जाऊन जेवायचंही त्राण राहिलं नाही. पण आत बरं वाटायचं. आपली पोर पास होणार.

चौथ्या दिवशी ती दुपारीच आली. ओट्यावर नाही, आत येऊन भिंतीला पाठ लावून बसली. मांडीवर आकड्यांची वही. मग म्हणाली, "मावशी, खरं सांगा. तुमी माह्यासाठी पळाल्या का?"

मी म्हटलं, "व्हय माय. तुही परीक्षा होती ना."

"माही नोती. पट्ट्याची होती." वही तिने माझ्यापुढे सरकवली. "याच्यात निंगून राह्यलं का सात जणी पुरतात. पाच जणी घरी बसतीन."

पाच कोण, हे तिला विचारायची गरज नव्हती. त्या पट्ट्यावर दोन हंगाम बसलेली होती ती. सगळ्यात आधी मी, नंतर शेवंता. शेठजींनी अहवालाचा कच्चा कागद सकाळीच बघितला होता आणि खूश झाले होते. कॉलेजात अहवाल द्यायला चार दिवस उरले होते. मी म्हटलं, दे तू, आमचं काय, आम्ही थकलोच आहोत. खरंच थकलो होतो गं. तिने वही मिटून उचलली. माझ्यावर रागावलीही नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आधी शेठजींकडे गेली, मग कॉलेजात. दोन्हीकडे सांगितलं, माप चुकलं, पुन्हा घेते. सरांनी सांगितलं, मग तारीख निघून जाईल, वर्ष जाईल. गेलं. शेठजींनी दुसराच सुपरवायझर ठेवला. पुन्हा मिलमध्ये येऊ दिलं, तेही तिने पट्ट्यावर मजुरीने बसायचं कबूल केलं म्हणून. महिनाभर ती आमच्यात बसून वेचत राहिली. पाणी पिताना, पान खाताना, डोळे चोळताना, सगळं धरून तिने वेळ लिहिला. निघालं असं की आमचा पट्टा अर्ध्या वेळी रिकामाच सरकत होता. मागे डाळ वर चढवणारी बादल्यांची साखळी सारखी अडकायची. दोष बायांचा नव्हता, साखळीचा होता. शेठजींनी ती दुरुस्त केली आणि आम्ही बाराच्या बारा राहिलो.

तीन वर्षं राहिलो. मग डाळ निवडायचं मशीन आलं, आणि एका सोमवारी सगळ्याच घरी बसलो. त्याला तिचा कागदही काही करू शकला नसता. ती त्याआधीच, वर्ष गेलं त्याच्या पुढच्या वर्षी, बेताच्या मार्कांनी पास झाली आणि आईला घेऊन लांब कुठे गुजरातेत कारखान्यात लागली. निघताना स्टँडवर मी तिला म्हटलं, माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं. ती बॅग चढवत म्हणाली, "मावशी, म्या आंधी इचारलं नाई, तेच चुकलं. घड्याळ दाखवाच्या आंधी मानसाले इचारा लागते." आधी फोन यायचे. आता येत नाहीत, कामात असेल.

माझे हात आता घरच्या डाळीवरही हळू चालतात. पण कुणी विचारलं, किती वेळ लागला, तर खरा वेळ सांगते, कमी करून सांगत नाही.

म्हणून म्हणते सोने, कारखान्यात घड्याळ काढायच्या आधी त्या बायांजवळ बस जराशी. एखादी तुझ्यासाठी पळत असेल. आणि त्याच्याही आधी इकडे ये. वाशीमहून एसटीवाले पाऊण तास सांगतील, तू दीड तास धर. मी स्टँडवर येऊन बसते. उशीर झाला तरी बसूनच राहीन, पण ये लवकर.