इस्कर्योत नव्हे, तो दुसरा

माझं माहेर वसईचं, सासर नगरकडचं. दोन्ही घरं ख्रिस्ती, त्यामुळे लग्न ठरताना सगळ्यांना वाटलं, चला, धर्माचा प्रश्न तरी मिटला. तो मिटलेला नाही हे मला सासरच्या पहिल्याच रविवारी कळलं. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे मिस्सा, नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना आणि प्रत्येक दुखण्याला एक संत. हे प्रोटेस्टंट, यांच्याकडे शास्त्र म्हणजे बायबल आणि प्रार्थना, मध्ये दलाल नको. दलाल हा शब्द सासूबाईंचा. पेत्र, पौल, थोमा त्यांना तोंडपाठ, पण प्रेषित म्हणून. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावायची म्हटलं की सासूबाईंच्या कपाळाला आठी. मीही काही गरीब गाय नाही. पुण्याजवळ मारुंजीच्या आमच्या भाड्याच्या घरात फ्रिजवर मी संत ज्यूडची वीतभर मूर्ती ठेवली होती आणि ती तिथेच राहणार होती.

ज्यूड हा प्रभूच्या बारा शिष्यांपैकी एक. सगळे उपाय थकले की त्याच्याकडे जायचं, असं माझी आई सांगायची. लग्नानंतर बरीच वर्षं आम्हाला मूल नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे न बघता नवऱ्याशीच बोलायला लागले, तेव्हा मी ज्यूडची नोव्हेना धरली आणि मनातल्या मनात कबूल केलं, मुलगा झाला तर त्याला तुझं नाव ठेवीन. मुलगा झाला. उपचारांनी झाला की ज्यूडने दिला, या वादात मी पडत नाही. दोघांचेही पाय धरायची माझी तयारी होती.

बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा सासूबाई बाळाला सांभाळायला आल्या. माझी आई आता राहिली नव्हती, जवळची पाळणाघरवाली एवढं लहान मूल घेत नव्हती आणि ऑफिसने रजा आधीच एकदा वाढवून दिली होती. थोडक्यात, माझी हिंजवडीची नोकरी सासूबाईंच्या मांडीवर होती. त्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालत, ओव्याची धुरी देत आणि मला दोन घास जास्त वाढत. सोमवारी मी कामावर रुजू होणार होते.

शनिवारी दुपारी दुपट्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी विचारलं, "नाताळात गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा करायचाय ना? पाळकसाहेबांना नाव कळवायला पाहिजे. काय ठरवलंत?"

"ज्यूड," मी म्हणाले.

"हे कसलं नाव?"

मी फ्रिजकडे बोट दाखवलं. "त्यांचं. बारा शिष्यांपैकी आहेत."

"बाराही जण मला पाठ आहेत. त्यात ज्यूडबिड कोणी नाही. मराठीत काय म्हणतात त्याला?"

मला कुठे ठाऊक? आमच्याकडे सगळे ज्यूडच म्हणायचे. नवरा शेजारी मटार सोलत बसला होता. त्याने मोबाइलमध्ये बघितलं आणि मान वर न करता सांगितलं, "यहूदा."

माझ्या नवऱ्याला खरं बोलायची सवय आहे, वेळ बघून बोलायची नाही.

सासूबाईंच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "प्रभूला ज्याने तीस नाण्यांना विकलं तो? त्याला डोक्यावर घेऊन बसलीयस तू? आणि त्याचं नाव माझ्या नातवाला?"

तो हा नव्हे, असं मी म्हणाले. मग हा कोण, ते मला धड सांगता येईना, आणि सांगता आलं नाही की माझा आवाज चढतो. "तुमच्या घरात नसेल चालत. माझ्या घरात हेच नाव ठेवणार," मी म्हणून गेले. सासूबाई आवाज चढवत नाहीत, तेच तर वाईट. "मग तुझं घर तू सांभाळ," एवढंच म्हणाल्या आणि पलंगाखालची बॅग ओढून भरायला बसल्या. सकाळी एसटीत बसवून दे, असं लेकाला सांगितलं. मला माफी मागायची होती, पण ज्यूडचीही बाजू सोडायची नव्हती. एकाच तोंडाने दोन्ही कसं जमणार?

रविवारी सकाळी बॅग दारात आली आणि नवरा तोंड पाडून रिक्षा बघायला गेला. तेवढ्यात खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई मेथीची जुडी घेऊन वर आल्या. बाई इथल्याच, जमीनजुमल्याच्या. एरवी त्या जुडी देऊन जातात, पण त्या दिवशी रागाने नुसत्या फणफणत होत्या.

"काय सांगू ताई," त्या उंबऱ्यातच टेकल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आमच्या भावकीत एकाच नावाचे दोघं हायेत. एकानं सगळ्यांची जमीन बिल्डरला परस्पर इकली. आन लोकं शिव्या घालत्यात आमच्या दिराला. काल त्याच्या पोरीची सोयरीक मोडाया निघाली. मी सोत्ता जाऊन सांगितलं, ह्यो त्यो न्हवं, त्यो दुसरा."

"नुसत्या नावावरून?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हय तर. नावच घाण झालंय म्हंत्यात. लई गरीब हाय वो आमचा दीर."

बाई गेल्या तशा सासूबाई दारातल्या बॅगेपाशी बसल्या. मग त्यांनी बॅग उघडली, साड्यांखालून आपलं शास्त्र काढलं, चष्मा लावला आणि योहानाचं शुभवर्तमान चाळायला लागल्या. बोट एका ओळीवर थांबलं. शेवटच्या भोजनाच्या वेळी यहूदा नावाचा शिष्य प्रभूला एक प्रश्न विचारतो, आणि लिहिणारा घाईघाईने सांगून टाकतो, इस्कर्योत नव्हे. इस्कर्योत म्हणजे तो विकणारा यहूदा.

"इतकी वर्षं रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवलं मी हे," त्या म्हणाल्या. "आणि लक्षात राहिला तो विकणाराच."

रिक्षा आणून नवरा दारात उभा होता. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ह्यालाच तद्दय म्हटलंय. काल तद्दय म्हणाला असतास तर तुझी जीभ झिजली असती का?"

तो रिक्षावाल्याला परत पाठवायला खाली पळाला. मी स्वयंपाकघरात जाऊन मेथी निवडायच्या निमित्ताने पोटभर रडले. नोकरी वाचली म्हणून रडले, घर मोडलं नाही म्हणूनही. इतकं हलकं मला बाळ झालं त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

सासूबाई मागून आल्या. "मी त्याच्यापुढे मेणबत्ती लावणार नाही," त्यांनी बजावलं.

"नका लावू."

"आणि त्याच्याकडे काही मागणारही नाही. पण एकाने घाण केलेलं नाव जन्मभर दुसऱ्याने वागवायचं, हा कुठला न्याय? कुणीतरी चांगलं वागून ते धुवायला नको का?"

मी मान डोलावली.

बाहेर जाऊन त्यांनी गावी फोन लावला. "पाळकसाहेब, नातवाचं नाव लिहून घ्या. यहूदा." पलीकडून साहेब काहीतरी समजावून सांगायला लागले. सासूबाईंनी त्यांना पुरं बोलू दिलं.

"चूक नाही हो. पाळक आहात ना तुम्ही? मग बारा नावं नीट वाचा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून बाळाचा लंगोट बदलायला गेल्या.