दादाचा श्वास

दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता आणि नुकताच चार जिने चढून आल्यासारखा खोल, भराभर श्वास घेत होता. खरं तर आठवडाभर तो पलंगावरून उतरलाच नव्हता. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "याला दमाही आहे का?"

"नाही हो, फुप्फुसं चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे रक्तात आम्ल साठतंय. ते कमी करायला फुप्फुसं जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताहेत. मूत्रपिंडांचं काम ती जमेल तेवढं ओढताहेत, पण किती दिवस ओढणार?"

मी दादाच्या छातीकडे बघत राहिलो. तिथे कुणाला कुणाकडे पदर पसरावा लागला नव्हता. माझ्याकडे मात्र वहिनी दोनदा आली होती. माझं मूत्रपिंड दादाला जुळत होतं. "वहिनी, माझी मुलं अजून लहान आहेत," असं मी तिला सांगितलं होतं. धाकटा त्याच वर्षी कॉलेजात गेला होता.

दादाने डोळे उघडले. दोन श्वासांच्या मधे एकेक शब्द बसवत त्याने विचारलं, "तू... जेवलास का?"

मी हो म्हणालो. त्याने समाधानाने मान हलवली आणि पुन्हा श्वास घेण्याच्या कामाला लागला.